असंगाची करवत



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १५, श्लोक १ ते ४.

मुळं वर, फांद्या खाली असा अश्वत्थ भगवंत इथे दाखवतात. हा संसारवृक्ष. फांद्या गुणांवर पोसलेल्या, विषय ही त्याची कोवळी पालवी. आणि तो तोडायचा कशाने? असंगाच्या शस्त्राने. माउलींनी ज्ञानेश्वरीत या झाडाचा केवढा विस्तार केलाय! मी मात्र आज एकाच शब्दापाशी थांबते: असंग.

मे महिना आहे. मुंबईत पावसाळ्याआधीची छाटणी चालू आहे आणि सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षीचा वाद पेटलाय. एक गट म्हणतो, गुलमोहर पार बोडका करा, गाड्यांवर कचरा पडतो. दुसरा म्हणतो, एका फांदीलाही हात लावायचा नाही. पण त्याच झाडाची एक वाळलेली फांदी मुलं स्कूलबसची वाट बघतात तिथे झुकली आहे. एकाला राग, दुसऱ्याला मोह. झाडाकडे बघतंय कोण?

जाणकार माळी आधी झाडाकडे बघतो. घरटं आहे का तपासतो. मग वाळलेलं, किडलेलं, एकमेकांवर घासणारं काढतो. फांदी जड असेल तर आधी खालून थोडा काप, मग जरा पुढे वरून. म्हणजे पडताना ती खोडाची साल सोलत नेत नाही. उरलेला खुंट शेवटी काढतो, तोही खोडाला घासून नाही. फांदीच्या बुडाशी एक फुगीर कडं असतं, त्याच्या जरासं बाहेर. त्या कड्यातूनच झाड जखमेवर नवी साल चढवतं. कडं कापलं तर जखम लवकर भरत नाही, लांब खुंट ठेवला तर तो कुजतो.

आणि शेंडाच उडवला तर? काही महिन्यांत तिथे फुटव्यांचा झुबका येतो. दिसायला हिरवागार, पण धरून वरवर. पुढे वाढला की वादळात हाच आधी मोडतो.

मनाचंही आपण हेच करतो ना? वैतागून एक दिवस ठरवतो, आजपासून सगळं बंद! अॅप डिलीट, गोड बंद, अमक्याशी बोलणं बंद. आठवड्यात दुप्पट पालवी. तिसऱ्या अध्यायाच्या सहाव्या श्लोकात भगवंत सांगतात, इंद्रियं आवरून मनात विषयच घोळवणारा मिथ्याचारी. शेंडा उडाला, संग तसाच.

कुणी म्हणेल, गीता तर छाटायला नाही, तोडायलाच सांगते. खरंय. पण तोडायचं ते ‘माझं-माझं’चं झाड, दारातला गुलमोहर नव्हे. ‘माझी गाडी’, ‘माझी सावली’ हे तुटलं की गुलमोहराला काय हवंय आणि खाली उभ्या मुलांना काय हवंय, दोन्ही दिसायला लागतं.

आपल्याकडे १९७५ पासून शहरातल्या झाडांसाठी कायदा आहे. आवारातलं झाड असलं तरी पालिकेची परवानगी लागते. अनेकांना ती कटकट वाटते. मला त्यात साधनाच दिसते: हातातली कुऱ्हाड चालवण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी दाखवायची.

आजचा संकल्प: काहीही छाटण्याआधी, फांदी असो, सवय असो की नातं, स्वतःला एकदा विचारायचं. हात कोण चालवतंय? राग, मोह, की त्या जिवाचं हित?

राम कृष्ण हरी.