शांततेचा दूत आणि मधली फळी

ज्या कुणी कबुतराला शांततेचा दूत नेमले, त्याने विणीच्या दिवसांत दोन जोड्या एका पिंजऱ्यात कधी ठेवल्या नसाव्यात! धुळ्याचे आमचे मेव्हणे पांढरे होले पाळतात. एरवी घूं घूं करत मान लववणारा नर, घरट्याची जागा ठरली की शेजाऱ्याला पंखांचे फटके देतो, डोके टोचून रक्त काढतो.

१९४९ साली पिकासोचे कबुतर पॅरिसच्या शांतता परिषदेच्या भित्तिपत्रकावर झळकले. नेमके त्याच वर्षी कोनराड लोरेन्त्स या प्राणिशास्त्रज्ञाचे पुस्तक आले. त्यात एका पिंजऱ्यातल्या दोन होल्यांची हकीकत आहे: एकाने दुसऱ्याची पाठ सोलून काढली होती.

म्हणजे होला दुष्ट? छे हो! रानात हरलेला उडून जातो, भांडण तिथेच मिटते. पिंजऱ्यात त्याने जावे कुठे?

मेव्हण्यांचा उपाय आमच्या जळगावच्या वाड्यातलाच: मध्ये लाकडी फळी, दोन चुली! दाणापाणी वेगळे, जोडीगणिक दोन घरटी. चौघेही साधू झाले.

तेव्हापासून मला प्रश्न पडतो, की ज्याला आपण स्वभाव म्हणतो त्यात स्वभाव किती आणि जागा किती? दोन खोल्यांत आठ माणसे, वर मे महिन्यात तापलेले पत्रे. भांड्याला भांडे लागले की आपण सुनेचा स्वभाव काढतो. टोचणारी चोच निर्दोष नाही, कबूल. पण पिंजरा ज्याने बांधला, त्याला नुसते पंच होऊन चालायचे नाही.

फरक एवढाच, की होल्याला फळी दुसऱ्याने घालावी लागते. माणसाला स्वतःची चोच आवरता येते. येते ना?