जे नेता येतं

प्रवचनांत हल्ली एक दृष्टांत हटकून ऐकू येतो. शरीर म्हणजे हार्डवेअर आणि आत्मा म्हणजे सॉफ्टवेअर. यंत्र बिघडलं की प्रोग्राम दुसऱ्या यंत्रात घालतात, तसा आत्मा देह बदलतो. श्रोते माना डोलावतात. मी आयुष्यभर तंत्रनिकेतनात मायक्रोप्रोसेसर शिकवला आणि निवृत्तीनंतर मिरजेत एका गुरुजींकडे ‘वेदान्तसार’ वाचायला बसले. हा दृष्टांत मला अजिबात पटत नाही. तो माणसाला अगदी दारापर्यंत आणतो आणि भलत्याच घरात शिरवतो.

माझ्या कपाटात दोन पुस्तकांवर एकच आडनाव आहे. एक मायक्रोकॉम्प्युटरची ओळख करून देणारं, ॲडम ऑस्बोर्न यांचं. दुसरं रमण महर्षींचं चरित्र, आर्थर ऑस्बोर्न यांचं. हे दोघं बापलेक, हे मला फार उशिरा कळलं. आर्थर हे इंग्रज, बँकॉकमध्ये शिकवायला होते. ॲडमचा जन्म तिथलाच, 1939 चा. महायुद्धात आर्थर जपान्यांच्या कैदेत सापडले. त्यांची पोलिश पत्नी मुलांना घेऊन आधीच तिरुवन्नामलैला आली होती. ॲडमचं बालपण असं अरुणाचल डोंगराच्या पायथ्याशी, रमणाश्रमाच्या अंगणात गेलं. 1950 च्या एप्रिलमध्ये रमणांनी देह ठेवला आणि त्याच वर्षी अकरा वर्षांचा ॲडम इंग्लंडला गेला.

पुढे तो रसायन अभियंता झाला, अमेरिकेत गेला, चिपांवरची पुस्तकं लिहू लागला. ती पुस्तकं स्पष्ट होती, भिडस्तपणा न ठेवता लिहिलेली. आणि 1981 च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये त्यानं ‘ऑस्बोर्न 1’ मांडला. रचना ली फेल्सेन्स्टाईन यांची. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला, हातात धरून नेता येणारा हा पहिला संगणक.

हे यंत्र नीट बघण्यासारखं आहे. शिलाई मशीनच्या पेटीएवढी पेटी, वजन 11 किलोंच्या आसपास, वर मूठ. झाकण काढलं की त्याच झाकणाच्या आत कळफलक. मधोमध पाच इंची पडदा, एका ओळीत 52 अक्षरं मावणारा. ओळ त्याहून लांब असली तर पडदाच डावीकडे-उजवीकडे सरकवून वाचायची. पडद्याच्या दोन्ही बाजूंना फ्लॉपीचे ड्राइव्ह आणि त्यांच्याखाली फ्लॉप्या ठेवायचे कप्पे. बॅटरी आत नाही. विमानातल्या आसनाखाली सरकवता येईल अशा बेतानं केलेलं हे यंत्र चालवायला भिंतीतला प्लग लागायचाच. किंमत 1,795 डॉलर, आणि त्यात वर्डस्टार, सुपरकॅल्क, बेसिक असं सगळं आलेलं. तेवढे प्रोग्राम सुटे घेतले तर जवळजवळ तेवढेच पैसे पडले असते. ऑस्बोर्नची खरी अक्कल मला इथं दिसते.

आता वीज बंद करा. 64 किलोबाइटची स्मृती कोरी. तुमचं म्हणून जे काही होतं, अर्धवट पत्र, हिशेबाचा तक्ता, ते फक्त फ्लॉपीत. ती काढा, मुंबईहून दिल्लीला न्या, तिथल्या दुसऱ्या ऑस्बोर्नमध्ये घाला. पत्र पुन्हा पडद्यावर. पेटी मागेच राहिली, पत्र मात्र प्रवास करून आलं. दृष्टांतवाले इथंच बोट ठेवतात. मीही गुरुजींना तेच विचारलं होतं, “गुरुजी, मग ही फ्लॉपी म्हणजे आत्मा म्हणायचा का?”

गुरुजी म्हणाले, “ताई, एकीकडनं काढून दुसरीकडं घालता येतं, त्याला आपण काय म्हणतो? परवाच वाचलंत.”

वाचलं होतं. पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच प्राण, मन आणि बुद्धी, अशा सतरा अंगांचं सूक्ष्म शरीर. देह पडल्यावर निघतं ते हे. संस्कार, वासना, आठवणी यांचं गाठोडं घेऊन फिरतं तेही हेच. आत्मा निघत नाही, कारण तो नाही अशी जागाच नाही. म्हणजे सॉफ्टवेअर हा शब्द वापरायचाच तर तो सूक्ष्म शरीरासाठी वापरावा, आणि मग त्या दृष्टांताचा निकाल नेमका उलटा लागतो: जे नेता येतं ते मी नव्हे.

आपली गल्लत कुठं होते, ते या यंत्रांच्या इतिहासातच दिसतं. 1975 चा आयबीएम 5100 सुमारे 25 किलोंचा होता, तरी त्याला ‘पोर्टेबल’ म्हणत. त्याच्याही आधी, साठीच्या दशकाच्या अखेरीला, ॲलन के या संगणकशास्त्रज्ञाच्या मनात मुलांच्या हातात देण्याजोग्या संगणकाची कल्पना आली होती. त्यानं पुठ्ठ्याचा नमुना केला, आत शिशाचे छर्रे ओतले आणि किती वजन हाताला पेलतं ते पाहिलं: किलोभराच्या आत हवं. अजून यंत्र नाही, पण त्याचं वजन ठरलं. ऑस्बोर्नच्या दुसऱ्याच वर्षी, 1982 मध्ये, ग्रिड कंपास आला. मॅग्नेशियमचं कवच, घडी घालून मिटणारा पडदा, वजन पाच किलोंच्या जवळपास. त्याची घडण करणारे बिल मॉग्रिज यांनी पुढे लिहून ठेवलं आहे की, आपलंच यंत्र वापरायला घेतल्यावर थोड्याच वेळात त्यांना बिजागरी, कवच, सगळ्याचा विसर पडला आणि ते पडद्यातच गुंतून गेले. ज्या वस्तूवर एवढी मेहनत घेतली ती वस्तूच जाणिवेतून पुसली गेली. त्या अनुभवातूनच त्यांनी पुढे माणूस आणि पडदा यांच्यातल्या व्यवहाराच्या रचनेकडे लक्ष वळवलं.

वजन उतरत गेलं, वस्तू विसरायला होऊ लागलं, आणि उरलं त्याला आपण ‘मी’ म्हणायला लागलो. माझे फोटो, माझी पत्रं, माझं लिखाण, म्हणून मी. पण हलकं होणं म्हणजे सत्य होणं नव्हे. सूक्ष्म शरीरालाही वजन नसतं, आणि वेदान्तात ते जडच मानलं आहे. स्थूलाला ‘मी’ समजणारा माणूस निदान आरशात पाहून कधी तरी शंका घेतो. सूक्ष्माला ‘मी’ समजणाऱ्याला शंका यायला फार वेळ लागतो. म्हणून मला हा दृष्टांत धोक्याचा वाटतो.

रमण 1 सप्टेंबर 1896 ला तिरुवन्नामलैला आले आणि त्यानंतर त्यांनी ते गाव सोडलं नाही. जवळजवळ चौपन्न वर्षं. अंगावर कौपीन, हातात काठी आणि कमंडलू, एवढंच सामान. अखेरच्या दुखण्यात भक्त रडू लागले, आम्हाला सोडून जाऊ नका म्हणाले, तेव्हा त्यांनी विचारलं की जाऊ तरी कुठं, मी इथंच आहे. भाविक हे वाक्य दिलासा म्हणून सांगतात. मला ते अगदी काटेकोर विधान वाटतं: जाणारं जे काही आहे त्याला त्यांनी कधी ‘मी’ म्हटलंच नव्हतं.

त्या अंगणात वाढलेल्या मुलानं जगाला नेण्याजोगी स्मृती विकली, यात मला विरोध दिसत नाही. नेण्याजोगं ते नेण्याजोगंच आहे, ते चांगलं करावं. त्याची कंपनी भराच्या काळात महिन्याला 10,000 यंत्रं विकत होती आणि 1983 च्या सप्टेंबरात दिवाळखोरीत गेली. नव्या मॉडेलची वाच्यता आधीच झाल्यानं जुन्याची मागणी आटली, असं सांगतात, स्पर्धाही होतीच. नव्वदीच्या दशकात आजारी ॲडम भारतात परतला. मेंदूचा आजार, वारंवार येणारे लहान झटके. मार्च 2003 मध्ये कोडाईकनालला बहिणीच्या आसऱ्याला असताना तो गेला.

गुरुजींच्या वर्गात एका बाईंनी विचारलं होतं, त्यांच्या घरी सासूबाईंना काहीच आठवत नाही. मग उरलं कोण? सॉफ्टवेअरच्या दृष्टांतापाशी याचं उत्तर क्रूर आहे: फाइली गेल्या, माणूस गेला. रमण वारंवार झोपेकडे बोट दाखवत. गाढ झोपेत नाव नाही, गाव नाही, एकही आठवण नाही. तरी उठल्यावर कोणी म्हणत नाही की मी रात्री नव्हतो. आठवणींवाचून आपण रोज रात्री असतोच. हे कळल्यानं त्या बाईंचं रात्रीचं जागरण चुकत नाही, औषधांच्या वेळा चुकत नाहीत, आणि ‘तू कोण?’ असं रोज ऐकताना होणारं दुःखही हटत नाही. पण समोरच्या माणसाला अजून पूर्ण माणूस मानायला त्यातून पक्का आधार मिळतो. मी त्यांना तेवढंच सांगितलं, आणि प्रवचनकारांनीही तेच सांगावं असं मला वाटतं.