राखणदार आणि परका

मधुमेहात डोळ्याच्या पडद्याला जी इजा होते, तिच्यात बाहेरचा शत्रू सापडत नाही. ना जंतू, ना कुसळ, ना विष. तरी शरीराची प्रतिकारव्यवस्था तिथे धावून जाते आणि राखायचे तेच नासवते. वैद्यकाच्या दृष्टीने हा उपचाराचा प्रश्न आहे. पण ‘स्व’ कोणता, ‘पर’ कोणता आणि भोगाचा दोष कोणाच्या माथी मारायचा, हे दर्शनांचे जुने वादही त्यात गुंतलेले आहेत.

रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की पडद्याच्या केशवाहिन्यांच्या अस्तरावर आयकॅम-१ सारखे चिकट रेणू वाढतात. एरवी सरळ वाहून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे अडकतात आणि काही ठिकाणी रक्ताची वाटच बुजते. पडद्यात कायम वस्तीला असलेल्या मायक्रोग्लिया पेशींचे रोजचे काम झाडलोटीचे. त्याही चवताळतात आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ बीटा अशी दाह वाढवणारी द्रव्ये सोडतात. रक्ताला मुकलेला भाग व्हीईजीएफ हे वाढद्रव्य सोडून नव्या वाहिन्या मागवतो. त्या येतात, पण कच्च्या आणि झिरपणाऱ्या. बाहुली मोठी करणारे थेंब घालून डॉक्टर आत पाहतात तेव्हा नारिंगी पडद्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आणि मेणासारखे पिवळे डाग दिसतात. रोग्याची तोवर काही तक्रार नसते. मग एखाद्या सकाळी डोळ्यापुढे कोळिष्टक तरंगू लागते.

या प्रक्रियेला मराठीत दाह म्हणतात. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात या शब्दाचा अर्थ दर उन्हाळ्यात डोळ्यांनी पाहता येतो. मोह फुलला की झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, म्हणजे पहाटे गळलेली फुले साफ भुईवरून वेचता येतात. आग बेताची असते, कामाची असते. ती तशीच सोडून दिली आणि वारा फिरला, की तिचाच वणवा होतो. मधुमेही डोळ्यात भडका क्वचित असतो; तिथे धग विझतच नाही, इतकेच. मात्र ही उपमा फार ताणू नये. जंगलात काडी कोणी लावली हे विचारता येते. पेशीला हेतूच नसतो.

प्रतिकारव्यवस्था आपले आणि परके ओळखते, ही मांडणी मॅकफार्लेन बर्नेट यांची. पीटर मेदावर यांच्यासह त्यांना १९६० चे नोबेल मिळाले. याच मेदावर यांनी १९४८ मध्ये डोळ्याच्या खास सवलतीकडे लक्ष वेधले होते: डोळ्याच्या आत परक्या ऊतीचे कलमही शरीर बरेच सोसते. जिथे परक्यालाही थारा मिळतो, तिथे आपल्याच पडद्यावर हल्ला का व्हावा? पॉली मॅटझिंगर यांनी १९९४ मध्ये वेगळा विचार मांडला. राखणदार आलेल्याचे कूळ विचारत नाही, घरात कुठे हाकाटी उठली तेवढे ऐकतो. या सिद्धांतावर वाद आहेत, पण मधुमेही पडद्याला तो चांगला लागू पडतो.

मग ज्याचे रक्षण चालले आहे तो ‘मी’ कोण? वेदान्ती सांगेल की देह आत्मा नव्हेच, म्हणून पेशींच्या भांडणाचा आत्म्याशी संबंध नाही. उत्तर सुसंगत आहे, पण रोग्याच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही. चंद्रपुरात दुसऱ्या उत्तरालाही घर आहे. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा दिली. बौद्ध विचारात अचल असा ‘स्व’ नाही. कारणांवर कारणे टेकून उभी राहिलेली घडामोड आहे. साखर, चिकट अस्तर, अडकलेली पेशी, गळती ही साखळी त्या नजरेने सहज वाचता येते. त्यावरून प्रतिकारशास्त्राने अनात्मवाद सिद्ध केला म्हणणे मात्र उतावळेपणाचे होईल.

दोषाचा प्रश्न याच जिल्ह्याने अधिक कठोर रूपात पाहिला आहे. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभारले ते कुष्ठरोग्यांसाठी, ज्यांच्या आजाराला लोक पापाचे फळ म्हणत. कुष्ठरोगात जंतू असतो खरा. पण नसांची बरीचशी हानी जंतूवर तुटून पडलेल्या स्वतःच्याच पेशी करतात. कधी डोळ्याच्या बुबुळामागेही दाह होतो आणि दृष्टी जाते. मधुमेह्याला आज पापी कोणी म्हणत नाही. ‘गोड खाल्लं असेल’ म्हणतात. ठपका सौम्य झाला, सवय तीच राहिली.

कर्मफळाची कल्पना तरीही साफ टाकून देता येत नाही. अमेरिका-कॅनडातल्या एका मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले, पहिल्या प्रकारच्या मधुमेहात साखर काटेकोर राखणाऱ्यांचे डोळे अधिक सुरक्षित राहिले. पुढे दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली, तरी आधीच्या शिस्तीचा लाभ कितीतरी वर्षे टिकला आणि आधीच्या चढ्या साखरेचा तोटाही. शास्त्रज्ञ याला चयापचयाची स्मृती म्हणतात. संस्कार हा शब्दही चालला असता, फक्त त्यात न्यायनिवाडा गृहीत धरू नये.

उपचारातही राखणदाराला बडतर्फ करता येत नाही. डोळ्यात स्टेरॉइड सोडले की पडद्याची सूज उतरते, यावरूनच दाहाचा वाटा स्पष्ट होतो. पण त्याच औषधाने डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदू लवकर पिकतो. म्हणून बहुतेक वेळा आधी व्हीईजीएफ अडवणारी इंजेक्शने देतात, गरजेप्रमाणे लेसर करतात, आणि साखर व रक्तदाब आवरण्याचे काम सोबत चालूच राहते.