घास कुणाच्या हातानं?

काशीच्या मुक्तिभवनात शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाला साधारण दोन आठवडे राहता येतं. १९५८ पासून ते चालू आहे. अस्सीच्या मुमुक्षु भवनात मात्र वृद्ध वर्षानुवर्षं राहतात. हा खरा काशीवास. ब्रह्माघाट-दुर्गाघाटावरच्या मराठी वस्तीच्या आसऱ्यानं आपल्याकडचीही कितीतरी म्हातारी माणसं त्यासाठी तिकडे गेली. मरणासाठी आलेल्या माणसालाही रोजचा दिवस काढायचा असतो. तांब्या उचलायचा, गोमुखीतला मणी सरकवायचा, पोळीचा तुकडा मोडायचा. म्हणून ‘आता मुक्तीच हवी, हाताला व्यायाम कशाला?’ हे बोलणं मला पटत नाही.

पक्षाघातानं किंवा विस्मृतीच्या आजारात हात पडून राहिला की बोटं आत वळतात, स्नायू आखडतात. मूठ मिटते ती मिटतेच. नखं तळव्यात रुततात, आतली कातडी ओलसर राहून कुजते, वास येऊ लागतो. अशा वेळी बोटं ओढायची नसतात. हात कोमट पाण्यात ठेवावा. मनगट अलगद तळव्याच्या बाजूला वाकवलं की बोटांचा ताण सैल होतो. मग अंगठा बुडाशी धरून बाहेर घ्यावा आणि बोटं सावकाश उलगडावीत. दुखलं की थांबावं. तळवा धुऊन नीट कोरडा करावा. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घेतलं तर घरच्या कुणालाही हे जमतं.

पण पुष्कळदा हात आजाराच्या आधी आपल्या घाईनं जातो. चमच्यानं भरवलं की जेवण दहा मिनिटांत उरकतं. स्वतःच्या हातानं जेवू दिलं तर पाऊण तास जातो, वरण सांडतं, चादर बदलावी लागते. वृद्धाश्रमात भरवणाऱ्या मावशींना मी दोष देणार नाही. एकटीच्या वाट्याला डझनभर ताटं आल्यावर त्या दुसरं काय करतील? दोष माणसं कमी ठेवणाऱ्यांचा आहे, आणि स्वच्छ चादर पाहून समाधानानं परतणाऱ्या आपलाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार धरले आहेत. घास कुणाच्या हातानं तोंडात जातो, हे कायदा कसं लिहिणार? ते आपणच विचारायचं.

म्हणून वृद्धाश्रमात आई-वडिलांना भेटायला जाल तेव्हा जेवणाच्या वेळी जा. त्यांचा तळवा उघडून नखं बघा. जेवायच्या वेळी किती मावशी कामावर असतात, ते व्यवस्थापकांना विचारा, आणि त्यांची संख्या वाढवायला जास्त पैसे लागणार असतील तर ते द्या.