इंजिन नवं, खातं जुनं

माणसाला कसले शौक असावेत याला काही धरबंध नाही. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतो, कुणी अडकित्ते जमवतो, आणि अमेरिकेत काही मंडळी हवाई दलांतून निवृत्त झालेली जेट विमानं विकत घेतात. तोफा-बंदुका काढून घेतलेलं विमान रीतसर खाजगी माणसाच्या नावावर होतं आणि मग तो गृहस्थ रविवारी सकाळी, आपण पिशवी घेऊन मंडईत जावं तसा, आकाशात एक चक्कर मारून येतो. या बाजारात एल-३९ आल्बाट्रॉस या विमानाला फार मागणी. वैमानिकांना शिकवण्यासाठी चेकोस्लोव्हाकियात बनवलेलं हे विमान १९६८ साली पहिल्यांदा उडालं. इंजिन मात्र चेक नव्हे, युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाचं. म्हणजे अंगरखा एका गावचा आणि काळीज दुसऱ्या गावचं.

जेटचं इंजिन तासांच्या हिशोबावर जगतं. ठरलेले तास भरले की ते कितीही सुरात गुणगुणत असो, खाली उतरवायचं. सरकारी नोकराला वयाची अट लागते तशी. मग विमानाची शेपटीकडची बाजू बोल्ट काढून वेगळी करायची, जुनं इंजिन मागे ओढून घ्यायचं आणि दुसरं आत सरकवायचं. आपल्या मिग-२१ ची तऱ्हाही हीच. १९६३ साली हवाई दलात आलेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झालं. आपल्याकडे त्याचा सांगाडा नाशिकजवळच्या ओझरला तयार होई आणि इंजिन ओडिशातल्या कोरापुटला. एकेका विमानाने आयुष्यात अनेक इंजिनं पाहिली असतील. पण ‘हे ते मिग नव्हे’ असं कुणी म्हटलं नाही.

खाजगी मालकापुढे मात्र आणखी एक पेच असतो. जुन्या जातीचं इंजिन शोधत हिंडायचं, की सरळ नव्या घराण्यातलं आणायचं? २०१५ साली एल-३९ च्या सांगाड्यात विल्यम्स कंपनीचं अमेरिकन इंजिन बसवून उडवून दाखवलंही. आता अंग चेक, आणि काळीज, जे एकेकाळी त्याच विमानांच्या शत्रुपक्षात होतं, ते अमेरिकेचं! मग हे विमान तेच की दुसरं?

हा प्रश्न मी मुरुडला ओटीवर काढला. मुरुड म्हणजे दापोली तालुक्यातलं, जंजिऱ्याचं नव्हे. हा खुलासा आम्हा मुरुडकरांना जन्मभर करावा लागतो, त्यामुळे नाव एक असलं की वस्तू एक होत नाही, एवढं तत्त्वज्ञान आम्हाला बाळकडूतच मिळालेलं असतं. आमचे काका सुपारी कातरत होते. म्हणाले, “यात विचारायचं काय? हर्णैच्या बंदरात जाऊन बघ. शिडाच्या होड्यांना इंजिनं लागली, ती इंजिनं जाऊन दुसरी आली. कुणी होडीचं पुन्हा बारसं केलंन् का?”

काकांना ठाऊक नव्हतं, पण याच प्रश्नावर पंडित दोन हजार वर्षं भांडत आलेत. थीसियस नावाच्या वीराचं जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं होतं. फळी कुजली की नवी बसवायची. असं करता करता सगळंच बदललं तर जहाज तेच का, असा प्लुटार्कने नोंदवलेला वाद. पुढे हॉब्ज नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने त्यात आणखी पाचर मारली : काढून टाकलेल्या जुन्या फळ्या गोळा करून कुणी दुसरं जहाज उभं केलं, तर खरं कुठलं?

तत्त्वज्ञांनी बँकेत नोकरी केली असती तर हा वाद इतका लांबला नसता. कारण बँकेत रोज दोन जातींची ‘तीच’ वस्तू आमच्या हातून जाते. तुम्ही शंभराची नोट भरता. सहा महिन्यांनी शंभर रुपये काढता. नोट ती नसते, पण पैसे तुमचेच असतात, आणि ‘माझी तीच नोट द्या’ म्हणून कुणी काउंटरवर अडून बसत नाही. पण सोनं तारण ठेवून कर्ज काढणाऱ्या बाईला परत करताना, तिच्या पाटल्यांऐवजी तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या पाटल्या देऊन पाहा! वजन तेच, कस तोच; तरी बँकेची पायरी हादरेल. कारण तिला सोनं नको असतं, तिला सासूबाईंनी घातलेल्या पाटल्या हव्या असतात.

विमानाचं इंजिन हे नोटेसारखं. त्याचं काम चालण्याशी. मग पाटल्या कुठल्या? मला वाटतं, विमानाच्या वह्या. विमानाची एक वही असते, इंजिनाची वेगळी असते. कधी बसवलं, किती तास चाललं, कधी उतरवलं, का उतरवलं, सगळं त्यात तारीखवार. हे कळल्यापासून मला विमानविद्येबद्दल घरच्यासारखी आपुलकी वाटू लागली आहे. इतकं उंच उडणारी ही मंडळी, पण शेवटी आमच्यासारखीच लेजरवर जगतात!

आता आपल्याकडचंच उदाहरण घ्या. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डाकोटा विमानांनी आपले शीख पलटणीचे जवान श्रीनगरला उतरवले आणि काश्मीर हातचं जाता जाता राहिलं. त्या डाकोटांतलं एक व्हीपी ९०५. पुढे २०११ साली खासदार राजीव चंद्रशेखर यांनी १९४४ च्या बांधणीचं एक डाकोटा भंगारातून विकत घेतलं. त्यांचे वडील हवाई दलात डाकोटा चालवत. ब्रिटनमध्ये ते विमान दुरुस्त होऊन २०१८ साली हवाई दलाला भेट मिळालं. डाकोटा काही जेट नव्हे, पंख्याचं विमान. पण खाजगी मालकीचं माजी लष्करी विमान म्हणून आपल्या गोत्रात बसतं. हवाई दलाने त्याचं नाव ठेवलं ‘परशुराम’ आणि शेपटीवर क्रमांक घातला व्हीपी ९०५.

परशुराम म्हटल्यावर आम्हा कोकण्यांची छाती फुगणारच. समुद्र हटवून आम्हाला जागा देणारा तो. पण क्रमांकाचं काय? हे विमान श्रीनगरला गेलेलं नव्हतं. मग ही फसवणूक? मुळीच नाही. याला आपल्यात दत्तक म्हणतात. रक्त दुसरं, नाव घराण्याचं. झाशीच्या दत्तकाला वारस मानायला इंग्रजांनी नकार दिला, १८५४ साली राज्य खालसा केलं, आणि पुढे काय झालं ते जग जाणतं. दत्तक खरा वारस असतो. अट एकच, विधी चारचौघांत झालेला असावा. ‘हे तेच विमान नव्हे, त्याच्या स्मरणार्थ क्रमांक घेतलेलं आहे’ एवढी नोंद उघड असली की सलाम ठोकायला हरकत नाही. लबाडी बदलण्यात नसते, बदल लपवण्यात असते.

इथवर प्रकरण सोपं आहे. माणसाशी आलं की अवघड होतं. एका थकलेल्या कर्जदाराने मला ऐकवलं होतं, “साहेब, कर्ज काढलं तो मी आता राहिलोच नाही. पार बदललोय.” मी म्हटलं, “आनंद आहे. पण खातं बदललेलं नाही.” बोललो हसत, पण पुढे विचारात पडलो. माणूस खरंच सुधारतो. सुधारल्यावर त्याचं जुनं देणं माफ व्हावं का? आणि माफ होणार नसेल तर सुधारायचं कशाला?

याचं उत्तर मला मुरुडातच सापडतं. महर्षी कर्वे मुरुडात वाढले. १८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. १९५८ साली, वयाच्या शंभरीत, त्यांना भारतरत्न मिळालं. आज ‘आमचे अण्णा’ म्हणून आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. बहिष्कार घालणाऱ्यांपैकी आज कुणीही हयात नाही. फळ्या सगळ्या बदलल्या, इंजिनही बदललं. मग गाव तेच का?

पाहुण्यांसमोर आम्ही म्हणतो, तेच. बहिष्काराचा विषय निघाला की म्हणतो, छे, ती जुनी माणसं! म्हणजे जमेच्या बाजूला गाव तेच आणि नावेच्या बाजूला दुसरं. असं खातं कुठलाही ऑडिटर पास करणार नाही. अण्णा आमचे असतील तर बहिष्कारही आमचाच. तो मान्य केल्याने गाव लहान होत नाही; उलट, इंजिन कधी आणि का बदललं हे वहीत दिसलं तरच नव्या इंजिनाचं मोल कळतं. सुधारणा म्हणजे कर्जमाफी नव्हे. जुनं देणं ओळखून फेडू लागणं, एवढाच तिचा पुरावा.

हे मी काकांना सांगितलं. अडकित्ता थांबला. जरा वेळाने म्हणाले, “आपल्या घरातलेही होते हो त्या बहिष्कारात. लिहिणार असशील तर तेही लिही.”

लिहिलं आहे.