महामारीतला संशोधननिधी कोणाचा?

कोविडच्या साथीत ४ मे २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने विकासखर्चाला ६७ टक्के कात्री लावली आणि आरोग्य, अन्नपुरवठ्याला अग्रक्रम दिला. दारात मृत्यू उभा असताना विद्यापीठाने संशोधनाचा पैसा राखून ठेवणे हा अधर्म नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. पण विद्यापीठ या निधीचे मालक नसते, विश्वस्त असते. आणि विश्वस्ताला उद्याच्या वारसाचा वाटा परस्पर वाटून टाकता येत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत विकसित केलेला, लोह आणि जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये आला, तो अनेक हंगामांच्या निवडीतून. पेरणी टाळेबंदीसाठी थांबत नाही. हंगाम चुकला की निवडीचे वर्षच जाते.

समोरचा रुग्ण मोठा की पुढल्या हंगामाचे कणीस, असे कोणी विचारील. रुग्णच मोठा. म्हणून रद्द झालेल्या परिषदांचा, प्रवासाचा पैसा निधी देणाऱ्या संस्थेच्या संमतीने उपचारांकडे वळवणे हे कर्तव्यच ठरते. शेतातल्या चाचण्या आणि संशोधक विद्यार्थ्यांची पाठ्यवृत्ती यांची गोष्ट वेगळी; रक्तक्षयाने थकलेल्या बाईच्या ताटातली भाकरी हेही आरोग्यच आहे. गीता फळाची आसक्ती सोडायला सांगते, कर्म नव्हे. निधी देणाऱ्यांनी अशा काळात मुदत वाढवावी, हिशेब चोख मागावा, पण चालू प्रयोगांचा पैसा परत मागू नये.