आजोळची धावपट्टी

पुणे विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचे नाव द्यायचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर केला, तेव्हा आमच्या खारघरच्या हरिपाठ मंडळात पेढे वाटले गेले. विमानतळ ज्या गावी आहे ते लोहगाव तुकोबांचे आजोळ. आई कनकाई तिथली. ज्या शिवबा कासाराची गोष्ट संतचरित्रकार महिपतीबुवांनी सांगितली आहे, तोही लोहगावचाच. नवऱ्याला कीर्तनाचे वेड लागले म्हणून त्याच्या बायकोने तुकोबांच्या अंगावर कढत पाणी ओतले, ती कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तेव्हा नाव शोभते, यात मला शंका नाही. पण पेढा तोंडात टाकताना माझ्या मनात आले की, हा नुसता विमानतळ नाही. धावपट्टी हवाई दलाची आहे, विमानांना उतरायची परवानगी देणारा मनोराही त्यांचाच. प्रवासी विमाने तिथे पाहुणी आहेत. म्हणून तर उतरताना फोटो काढू नका अशी सूचना होते.

मी हवाई दलाच्या त्या तळावर आर्मामेंटमध्ये नोकरी केली आहे. विमानाला बॉम्ब लावणे हे आमचे काम. घरी तुळशीची माळ, आषाढी-कार्तिकी, एकादशी, आणि कामावर हे. एकाच माणसाला दोन्ही कसे चालते, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला, पण आईने विचारला तसा कुणी विचारला नाही. सुट्टीवर गेलो होतो. कामाचे काहीतरी सांगत होतो. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "आरं, पण त्यो पडतो कुठं?"

मी म्हटले, सरावाच्या रेंजवर, माळरानात. ती म्हणाली, "आन् लढाईत?"

लोहगावचा हा तळ इंग्रजांनी 1939 मध्ये उभारला, मुंबईच्या संरक्षणासाठी. महायुद्धात तिथे मॉस्किटो, वेलिंग्टन, स्पिटफायर ही विमाने होती. स्वातंत्र्यानंतर कॅनबेरा बॉम्बर आली. पहिली सुखोई-30 जून 1997 मध्ये लोहगावलाच दलात दाखल झाली, 2002 मध्ये तिची सुधारित आवृत्ती एमकेआय आली. अब्दुल कलाम 2006 मध्ये इथूनच सुखोईतून उडाले, आणि 2009 मध्ये प्रतिभाताई पाटील, वयाच्या 74व्या वर्षी. लोकांना हे उड्डाण लक्षात राहते. जमिनीवरचे काम दिसत नाही, म्हणून त्यातले थोडे सांगतो.

विमानाखाली शस्त्र टांगले की त्याला सुरक्षेच्या पिना असतात. प्रत्येक पिनेला लांब लाल फीत, म्हणजे ती चुकून राहिली तर लांबूनही दिसावी. विमान निघायच्या आधी अगदी शेवटी त्या काढायच्या. एकेक पिन डाव्या हातात घ्यायची, फिती एकमेकींत गुंतू द्यायच्या नाहीत, मग विमानासमोर वैमानिकाला दिसेल असे उभे राहायचे आणि हात वर करून सगळ्या दाखवायच्या. इंजिनाच्या आवाजात बोलणे शक्यच नसते. तो वरून मोजतो, अंगठा दाखवतो. संख्या जुळली की शस्त्र आमच्या ताब्यातून त्याच्या ताब्यात गेले. विमान वळते, गरम वारा अंगावर येतो आणि आपण हातात फिती धरून उभे. त्या पिना परत येऊन पेटीत जागच्या जागी लावल्याशिवाय चहालासुद्धा जायचे नाही.

आईचा प्रश्न मी आमच्या लाइनवर सांगितला, तर एक सिनियर म्हणाले, गीता वाच. कर्म आपले, फळ देवाचे. पुढे हे उत्तर मी फार जणांकडून ऐकले. शांत झोप लागावी म्हणून ते चांगले आहे, पण मला ते कधीच पटले नाही. फळाची आशा सोडायला गीता सांगते. बढती मिळेल, पदक मिळेल, नाव होईल, ही आशा मी सोडू शकतो, कारण ती माझी आहे. पण बॉम्बचे फळ माझ्या पदरात पडतच नाही, ते दुसऱ्याच्या छपरावर पडते. जे माझे नाही त्याचा त्याग मी कसा करणार? फळाची आशा सोडणे ही साधना झाली. फळाची जबाबदारी सोडणे ही पळवाट आहे, आणि ती गीतेच्या नावाने काढली की जास्तच वाईट.

गीतेचाच आधार घ्यायचा तर हवाई दलाच्या बोधचिन्हावर पाहावे. तिथले शब्द अकराव्या अध्यायातल्या 24व्या श्लोकाचे आहेत. आकाशाला भिडलेले, पेटलेले रूप, असा त्यांचा भाव. ते वाचताना छाती फुगते, माझीही फुगायची. पण श्लोक तिथे संपत नाही. पुढच्या ओळीत अर्जुन म्हणतो की हे पाहून माझा जीव आतून हादरला आहे, धीर सुटला आहे, शांती उरलेली नाही. म्हणजे आपण ज्याचे शब्द गणवेशावर लावले तो त्या क्षणी थरथरत होता. जगातला सर्वांत मोठा धनुर्धारी, आणि तो देवाला विनवतो की पुन्हा सौम्य रूपात ये. माझे ठाम मत आहे की हा थरकाप शस्त्र हाताळणाऱ्याच्या शिक्षणाचा भाग असला पाहिजे. ज्याचा तो गेला, त्याच्या हातात पिना देऊ नयेत.

थरकाप ठेवून काम होते का? होते. लोहगावच्याच इतिहासात त्याचे उदाहरण आहे. 18 डिसेंबर 1961 रोजी गोव्याच्या मुक्तीसाठी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा विमाने पुण्याहून गेली आणि दाबोळीच्या धावपट्टीवर त्यांनी 63,000 पौंड बॉम्ब टाकले. आदेश असा होता की धावपट्टी निकामी करा, इमारती आणि बाकीच्या सोयींना हात लावू नका. इमारती वाचल्या. तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमानेही वाचली, आणि रात्री त्याच मोडक्या धावपट्टीवरून निघूनही गेली. युद्धाच्या हिशेबात याला कुणी चूक म्हणेल. मला त्या आदेशात आईच्या प्रश्नाचे उत्तर दिसते. तो बॉम्ब कुठे पडावा आणि कुठे पडू नये, याचा विचार तो विमानाला लावण्याआधी कुणीतरी केला होता.

तुकोबांना हे सगळे परके वाटले असते असे समजू नये. त्यांचे पाइकाचे, म्हणजे शिपायाचे, अभंग आहेत. रयतेचे दुःख पाइकावाचून सरत नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितले आहे. ज्यांना संत म्हणजे नुसते हात जोडून बसणारे वाटतात, त्यांनी ते अभंग वाचावेत. मात्र त्यात मला सर्वांत ठळक दिसते ते पाइकाचे सोसणे. मारा तो स्वतःच्या अंगावर घेतो, आणि पोटासाठी नुसते हत्यार बाळगणाऱ्याला तुकोबा पाईक म्हणत नाहीत. आता इथे माझी अडचण आहे. वैमानिक निदान जीव पणाला लावतो. मी मात्र जमिनीवर, डांबरावर उभा, आणि ज्याच्यावर ते पडणार तो शेकडो किलोमीटर दूर. उद्या यंत्रेच उडतील, तेव्हा वैमानिकही सोसणार नाही. सोसणे जितके दूर जाते तितका विचार जवळ आणावा लागतो. दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये दिलेल्या गीता प्रवचनांत एका न्यायाधीशाची गोष्ट आहे. शेकडोंना फाशी सुनावणारा हा माणूस, स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून समोर आला तेव्हा, फाशी कशी अमानुष यावर बोलू लागला. अर्जुनाचे तसेच झाले होते, ती अहिंसा नव्हती, मोह होता, असे विनोबा म्हणतात. बरोबरच आहे. पण मला वाटते, त्या न्यायाधीशाला मुलामुळे का होईना, जे दिसले ते खरे होते. ते त्याला आधीच्या शेकडोंच्या वेळी दिसायला हवे होते.

आमच्या खारघरवरूनही आता विमाने जातात. नवी मुंबईच्या धावपट्टीवर ऑक्टोबर 2024 मध्ये पहिले विमान उतरले तेही हवाई दलाचेच, सी-295. त्या दिवशी सुखोईही डोक्यावरून गेले आणि मुले टाळ्या वाजवत गच्चीवर धावली. आमच्या मंडळातला एक मुलगा, मृदंग फार गोड वाजवतो, त्याने परवा विचारले, "काका, अग्निवीरवायूचा फॉर्म भरतोय. माळ घातलेल्यानं जावं का?"

मी म्हटले, जा. तुझ्यासारख्यांनी नाही जायचे तर कुणी जायचे? फॉर्म आम्ही माझ्याच टेबलावर बसून भरला. मग त्याला अकरावा अध्याय पूर्ण वाचायला दिला, दाबोळीची हकीकत सांगितली, आणि आईचा प्रश्न तिच्याच शब्दांत ऐकवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे तिथं कुणाला विचारता येतं का?"

विचारता येते, मी सांगितले. दरवेळी उत्तर मिळेल असे नाही, पण विचारता येते.